आईच्या तोंडावरून वारं गेलं

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाळी पावणेसातला वहिनीचा फोन आला, "ताई, आईंचं तोंड वाकडं झालंय, चहा सगळा डाव्या बाजूने गळतोय आणि डावा डोळा मिटतच नाहीये." मागून आप्पांचा आवाज, "वारं गेलं म्हणावं तिला, तोंडावरून वारं गेलं." आदल्या दिवशी आई साताऱ्याहून वाईला एसटीने आली होती, खिडकीची सीट, काच अर्धवट उघडी अडकलेली, त्यामुळे घरात सगळ्यांनी कारण पण ठरवून टाकलं होतं.

मी गेली अकरा वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात असते, लकव्याचे पेशंट रोज बघते. तरी आईचं नाव आल्यावर हातपाय गार पडले. पण एक प्रश्न आपोआप तोंडातून बाहेर आला, तो कॉलेजमध्ये इतका घोटून घेतलाय की झोपेतही विचारेन. म्हटलं, "वहिनी, आईला म्हणावं मान न हलवता वर आढ्याकडे बघ, आणि तू फक्त तिचं कपाळ बघ. आठ्या दोन्हीकडे पडतायत का एकाच बाजूला?" दोन सेकंद शांतता, मग वहिनी म्हणाली, "उजवीकडे पडतायत. डावीकडे कपाळ एकदम सपाट आहे, इस्त्री केल्यासारखं." मग दोन्ही हात समोर धरायला लावले, दहापर्यंत मोजायला लावलं, एकही हात खाली आला नाही. अंगणात चालायला लावलं, नीट चालली. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

हे कपाळाचं काय असतं ते आधी सांगते, कारण बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी एवढं राहावं असं मला मनापासून वाटतं. चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला, म्हणजे गाल, ओठ, हनुवटी, यांना मेंदूच्या फक्त विरुद्ध बाजूकडून हुकूम येतो. कपाळाला मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून येतो. त्यामुळे मेंदूत रक्ताची गुठळी अडकून जो लकवा होतो त्यात एका बाजूचा पुरवठा तुटला तरी कपाळाचं काम दुसरी बाजू चालवते, तोंड वाकडं होतं पण आठ्या दोन्हीकडे पडतात. आणि मेंदूतून बाहेर पडल्यावर वाटेत हा हुकूम नेणारी नर्व्ह, म्हणजे मज्जातंतूच, जर सुजली तर मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू बंद पडते, आईची पडली होती तशी. म्हणजे ऐकायला उलटं वाटतं बघा, जिथे चेहरा जास्त गेलेला दिसतो तिथे बहुतेक वेळा धोका कमी असतो, आणि जिथे नुसता ओठाचा कोपरा जरासा खाली आलाय, कपाळ ठणठणीत आहे, तिथे घड्याळ बघत पळायचं असतं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण याच्यावरून घरी बसून निदान करू नका. मेंदूच्या देठात अटॅक आला तर कपाळही जाऊ शकतं, त्यामुळे हात जड पडलाय, बोलणं जड झालंय, तोल जातोय असं काहीही सोबत असलं तर कपाळ तपासत बसायचंच नाही, गाडी काढायची.

आईला जे झालं त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल म्हणून एक सर्जन होता एडिनबरोचा, त्याच्या नावावरून. त्याने १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नर्व्हबद्दल निबंध वाचला, आणि त्यातून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली की चेहरा हलवणारी नर्व्ह वेगळी आणि चेहऱ्याला स्पर्श कळवणारी नर्व्ह वेगळी. आज हे ऐकून काही विशेष वाटत नाही, पण त्याच्या आधी काय चालायचं माहितीये? गालात असह्य कळा मारतात म्हणून सर्जन लोक चेहऱ्याची नर्व्ह कापायचे, आणि कापायचे ती हलवणारी. कळा तशाच राहायच्या आणि वर त्या माणसाचा चेहरा कायमचा लुळा पडायचा. कुठली तार कुठे जाते हे माहीत नसण्याची एवढी मोठी किंमत माणसांनी दिलीये.

आपल्याकडे बोलताना तर सगळ्यालाच नस म्हणतात. नस दबली, नस कापली, नस सापडत नाही, म्हणजे नर्व्हला पण नस आणि रक्ताच्या शिरेलाही नस. त्याने फार घोळ होतो. मी इथे नर्व्हला नर्व्हच म्हणते.

तर संध्याकाळपर्यंत मी घरी पोचले. आई सोप्यात बसली होती, पदर तोंडावर धरून. मी पदर बाजूला केला तर डोळे भरले तिचे, दोन्ही, पण डाव्या डोळ्यातलं पाणी थांबतच नव्हतं कारण खालची पापणी सैल पडून पाणी धरून ठेवत नव्हती. म्हणाली, "गाल बधिर झालाय गं माझा." मी कापसाचा बारीक बोळा घेतला, तिला डोळे मिटायला सांगितले (डावा अर्धाच मिटला, त्यावर हात ठेवला) आणि कपाळाला, गालाला, हनुवटीला अगदी हलकं लावत गेले. प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं तिने, इथे लागलं, इथे लागलं. म्हणजे गाल बधिर नव्हताच. गाल हलत नव्हता, आणि न हलणारा गाल माणसाला बधिर वाटतो, परका वाटतो. हे मी कितीतरी पेशंटकडून ऐकलंय.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्हना नंबर दिलेत. स्पर्शाचं काम त्यातल्या पाचवीचं, ट्रायजेमिनलचं. तिच्या नावातच तीन आहेत, तीन फांद्या: एक कपाळ, वरची पापणी आणि नाकाचा शेंडा सांभाळते, दुसरी गाल, वरचा ओठ, वरचे दात, आणि तिसरी खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात. खालची दाढ काढताना डेंटिस्ट जे इंजेक्शन देतात ते या तिसरीच्या फांदीला. तेव्हा आठवून बघा, ओठ सुजून भला मोठा झाल्यासारखा वाटतो पण आरशात बघितलं तर नेहमीएवढाच असतो आणि हसता पण येतं. आईचं याच्या बरोबर उलटं होतं. कळत सगळं होतं, हलत काही नव्हतं. आणि जबड्याचा कोपरा आहे ना कानाखाली, तिथली त्वचा या तिघींपैकी कुणाचीच नाही, तिथे मानेतून आलेली नर्व्ह असते, पहिल्या वर्षी व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा प्रश्न हटकून यायचा.

हलवण्याचं काम सातवीचं, फेशियल नर्व्ह. हिचा रस्ता मला कायम चमत्कारिक वाटत आलाय. मेंदूच्या देठापासून निघते आणि सरळ चेहऱ्याकडे यायचं सोडून कानामागच्या हाडात शिरते. तिथे साधारण ३ सेंटिमीटर लांबीच्या हाडाच्या बोळातून जाते, वाटेत गुडघ्यासारखं एक वळण घेते, मधल्या कानाच्या भिंतीला चिकटून खाली उतरते आणि कानाच्या पाळीमागे जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या आतल्या अंगाने बाहेर पडते. हा बोळ सगळ्यात अरुंद जिथे आहे तिथे १ मिलिमीटरसुद्धा रुंद नाही. आता वाईतल्या जुन्या वाड्यांमधले बोळ ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको, एक म्हैस अडकली की सगळं बंद. नर्व्ह सुजली तर तिला पसरायला जागाच नाही, हाड काही सैल होत नाही, ती स्वतःच्याच सुजेने दाबली जाते. सूज का येते, तर बहुतेक डॉक्टर आता दोष देतात तो व्हायरसला, तापानंतर ओठाच्या कडेला बारीक फोड येतात ना, त्याच हर्पिसच्या व्हायरसला, तो वर्षानुवर्षं नर्व्हमध्ये झोपून असतो. एसटीच्या वाऱ्यावरून मी आप्पांशी वाद घातला नाही. डायबेटिस असलेल्यांना आणि गरोदर बायकांना हे जास्त होतं, आणि आईला शुगर आहे बारा वर्षांपासून.

या बोळात असतानाच सातवी तीन छोटी कामं उरकून घेते, आणि त्यातली दोन आईने मला न विचारता सांगितली. एक, "कुकरची शिट्टी डाव्या कानात घुसतीये नुसती." मधल्या कानात रिकिबीसारखं एक इवलंसं हाड असतं, त्याला मोठा आवाज आला की आवरून धरणारा एक स्नायू, शरीरातला सगळ्यात छोटा, त्याची तार सातवीची. तो बंद, म्हणून आवाज अंगावर येतो. दुसरं, "चहाला चव नाही, अर्ध्याच जिभेला गोड लागतंय." जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातवीच्या एका फांदीतून जाते. तिसरं काम अश्रूंचं, ती फांदी त्या गुडघ्यासारख्या वळणापाशीच फुटते. आणि दोन दिवस आधीपासून कानामागे दुखत होतं म्हणाली, कुणाला बोलली नव्हती. मी टॉर्च घेऊन कानात आणि कानाच्या पाळीत फोड आहेत का ते नीट बघितलं, कारण कानात पाण्याचे फोड आणि तोंड वाकडं असं असेल तर तो नागिणीचा व्हायरस असू शकतो, त्याला औषध अजून वेगळं लागतं. फोड नव्हते.

बाहेर पडल्यावर ही नर्व्ह कानाजवळच्या लाळेच्या ग्रंथीत शिरते, गालफुगीत जी सुजते ती ग्रंथी. गंमत म्हणजे त्या ग्रंथीचं काहीही काम करत नाही, नुसती तिच्या पोटातून जाते आणि आतच पाच फांद्या फुटतात. आमच्या मॅडम शिकवायच्या तसं करून बघा, तळहाताचं मनगटाकडचं टोक कानापाशी ठेवा आणि पाचही बोटं चेहऱ्यावर पसरा, अंगठा कपाळाकडे, मग डोळ्याच्या कडेकडे, मग गालाकडे, मग जबड्याच्या कडेने, आणि करंगळी खाली मानेकडे. झाल्या पाच फांद्या. पहिल्या वर्षाला आम्ही फिजिओची मुलं स्वतः डिसेक्शन, म्हणजे मृतदेहाची चिरफाड, करत नसू, मेडिकलच्या मुलांनी करून ठेवलेलं बघायला जायचो. एका आजोबांचा चेहरा होता. गालावरची ग्रंथी अर्धी बाजूला केलेली आणि तिच्यातून निघालेले पांढरट दोरे, शेवयांसारखे बारीक. मी किती वेळ तिथेच उभी होते. मनात आलं की हे आजोबा आयुष्यभर जे काही हसले, रुसले, नातवंडांना वेडावून दाखवलं, ते सगळं या पाच-सात दोऱ्यांतून गेलं. त्यांनी देहदान केलं होतं. त्यांना मी आजही मनात नमस्कार करते.

आता स्नायू. चेहऱ्याचे स्नायू बाकीच्या शरीरापेक्षा वेगळे आहेत. हाताचा स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो, सांधा हलवतो. चेहऱ्याचे बहुतेक स्नायू एका टोकाला हाडाला आणि दुसऱ्या टोकाला थेट कातडीला चिकटलेले असतात. म्हणून कातडीच ओढली जाते आणि तिला घड्या पडतात, खळ्या पडतात, आठ्या पडतात. आपल्या भाषेत एकेका स्नायूला जणू एकेक वाक्प्रचार आहे. कपाळाला आठ्या घालणारा वेगळा, भुवया जवळ आणणारा वेगळा, नाक मुरडणारा वेगळा (त्याचं लॅटिन नाव एवढं लांब आहे की पाठ करताना दम लागायचा, काम मात्र नाक मुरडणं आणि वरचा ओठ उचलणं), ओठ मुडपणारा वेगळा, तोंड पाडणारा वेगळा, हनुवटीला खडबडीत करणारा वेगळा, लहान मूल रडायच्या आधी हनुवटी कशी थरथरते, तोच. डोळ्याभोवती आणि तोंडाभोवती मात्र गोल स्नायू, बटव्याच्या नाडीसारखे, ओढले की तोंड बंद.

हा डोळ्याभोवतीचा गोल स्नायू सातवीचा, आणि वरची पापणी उचलणारा स्नायू तिसऱ्या नर्व्हचा. उघडणारा एकीचा, मिटणारा दुसरीचा. सातवी गेली की मिटणारा गेला, उघडणारा शाबूत, म्हणून डोळा उघडाच राहतो, झोपेतसुद्धा. मिटायला सांगितलं की बुबुळ वर फिरतं आणि खाली पांढरा भाग दिसत राहतो, वहिनी ते बघून घाबरली होती, पण ते आपल्यापैकी बहुतेकांचं फिरतं डोळा मिटताना, फक्त पापणी खाली आलेली असते म्हणून कधी दिसत नाही. यालाही बेलचंच नाव आहे. आणि इथे मला राग येतो तो सांगतेच. मी पोचायच्या आधी आईला गल्लीतल्या एकांनी वारं उतरवणाऱ्याकडे नेलं होतं, तिथून एका डॉक्टरकडे, त्यांनी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन देऊन आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. डोळ्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. दिवसभर धूळ, वारा, उघडा डोळा, संध्याकाळी लालबुंद झाला होता. चेहरा परत येतो, पण बुबुळाला जखम झाली तर नजर जाऊ शकते. त्या रात्री मी मेडिकलमधून डोळे ओले ठेवणारे थेंब आणि मलम आणलं, झोपताना पापणी हाताने मिटवून वरून कागदी चिकटपट्टी लावली, दिवसा मोठा गॉगल घालायला लावला.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं. सुरुवात झाल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू झालं तर नर्व्हची सूज लवकर उतरते आणि पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते, हे आता पक्कं माहीत आहे. आईची शुगर वर जाणार म्हणून रोज दोनदा तपासायची, गोळ्यांचा डोस त्यांनी बदलून दिला. ही मनाने किंवा शेजारच्यांच्या चिठ्ठीवरून घ्यायची गोळी नाही, पण आठ दिवस वाट बघायचं पण हे दुखणं नाही. काहीच केलं नाही तरी १० पैकी साधारण ७ जणांचं पूर्ण बरं होतं, म्हणूनच वारं उतरवणाऱ्यांचं नाव होत राहतं. उरलेल्या तिघांचं काय, त्यांचा विचार आपण करायला हवा ना.

जेवणाचं फार अवघड झालं होतं. भाकरी चावता यायची, व्यवस्थित जोर लावून, कारण चावण्याचे स्नायू पाचवीचे. पण चावलेला घास डाव्या गालात जाऊन बसायचा, बोटाने काढावा लागायचा, आणि ते ती कुणासमोर करायला लाजायची म्हणून सगळ्यांच्या नंतर एकटी स्वयंपाकघरात जेवायची. गालाच्या भिंतीत जो स्नायू आहे तो घास परत दातांखाली ढकलतो, त्याचं नाव बक्सिनेटर, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तुतारी फुंकणारा. तुतारी फुंकताना, शंख फुंकताना, फू करून चहा गार करताना हाच लागतो. तो सातवीचा. म्हणून मला जेव्हा कुणी सांगतं की तोंड वाकडं झालंय तर च्युइंगम चघळायला लावलंय, तेव्हा वाईट वाटतं, कारण च्युइंगम चघळून जो स्नायू मजबूत होतो तो आजारी नाहीच मुळी.

प, फ, ब, भ, म म्हणायला दोन्ही ओठ घट्ट मिटावे लागतात, त्यामुळे आईची नेमकी तीच अक्षरं सांडायची. आप्पांना हाक मारताना ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटायची. नातू आठवीत आहे, त्याला ती 'बाब्या' म्हणते, ते नाव तिने तीन आठवडे घेतलं नाही, "ए" म्हणायची.

या बाब्यावरूनच रक्तवाहिन्यांचं सांगायचं होतं. मी तिथे असताना आरशासमोर उभा राहून नाकाजवळची पुळी दाबत होता, मी जवळजवळ ओरडलेच. नाकाच्या वरच्या टोकापासून वरच्या ओठाच्या दोन कोपऱ्यांपर्यंतचा जो त्रिकोण, तिथलं अशुद्ध रक्त नेणारी जी शीर आहे ती डोळ्याच्या कोपऱ्यापाशी डोळ्यामागच्या शिरेला मिळते, आणि ती पुढे मेंदूच्या तळाशी एका रक्ताच्या डबक्यासारख्या जागेला. एरवी रक्त खाली मानेकडे जातं पण उलटंही वाहू शकतं, आणि पुळीतला पू दाबून आत ढकलला तर इन्फेक्शन त्या वाटेने मेंदूपाशी जाऊ शकतं. अँटिबायोटिक आल्यापासून हे फार क्वचित होतं. तरीही तिथली पुळी दाबू नये, गरम पाण्याचा शेक द्यावा आणि सोडून द्यावी.

शुद्ध रक्त आणणारी मुख्य रक्तवाहिनी तुम्हाला स्वतःला सापडेल. दात घट्ट आवळा, जबड्याच्या मागच्या बाजूला जो टणक स्नायू फुगतो त्याची पुढची कड जिथे जबड्याच्या खालच्या काठाला मिळते तिथे बोट हलकं ठेवा, आणि मग दात सैल सोडा. टकटक लागेल. ती फेशियल आर्टरी, मानेतून वर येऊन हाड ओलांडून गालावर चढते, ओठांच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत. आणि चढते ती पसरणीच्या घाटासारखी, वळणं घेत घेत. कारण तोंड उघडलं, गाल फुगवला, की तिला ताणावं लागतं, सरळ असती तर ओढली गेली असती. दुसरा ठोका कानाच्या अगदी पुढे लागतो, कानशिलाकडे जाणाऱ्या आर्टरीचा. डाव्या-उजव्या बाजूच्या, वरच्या-खालच्या अशा सगळ्या एकमेकींना मिळालेल्या असतात, म्हणून चेहऱ्याला जरा खोक पडली की रक्ताची धार लागते आणि म्हणूनच ती जखम भरते पण भराभर. चेहऱ्याचे टाके चार-पाच दिवसांत काढतात, पायाचे काढायला दोन आठवडे लागतात.

आणि या रक्तपुरवठ्याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या पुण्याचीच आहे. टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस पकडला गेला, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला, आणि मग पुण्याजवळ विटा-कुंभारकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात त्याचं चित्रासकट वर्णन छापून आलं. मेणाचा पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने कातडी कापायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी न कापता तशीच ठेवायची, आणि तो तुकडा खाली फिरवून नाकाच्या जागी बसवायचा. ती न कापलेली पट्टी म्हणजेच सगळं. भुवईच्या आतल्या टोकापासून कपाळावर चढणारी एक बारीक रक्तवाहिनी तिच्यातून जाते, तिच्या जिवावर तो तुकडा जगतो, आणि नव्या जागी रुजला की पंचवीस दिवसांनी पट्टी कापायची. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं, आणि आज कपाळाची कातडी घेऊन नाक करतात ते त्याच तत्त्वावर. नाक नव्याने करायची सुश्रुताच्या काळापासूनची विद्या त्या पुण्याजवळच्या माणसाच्या हातात होती. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मला याचं फार वाटतं.

आईचं हळदी-कुंकू त्या वर्षी बुडालं. रथसप्तमीपर्यंत बायका बोलवायला येत होत्या, ती पदर तोंडाला लावून आतूनच नको म्हणायची. कुणी "लवकर बरं वाटेल हो" म्हटलं की हसून उत्तर द्यायची सवय, आणि हसलं की चेहरा उजवीकडे ओढला जायचा, म्हणून हसणंच सोडलं. हे मला सगळ्यात जड गेलं. चेहरा हलत नसलेल्या माणसाला लोक रागावलेलं, गर्विष्ठ, नाहीतर मंद समजतात, आणि आतलं माणूस जसंच्या तसं असतं.

मी शनिवार-रविवार जात होते. सुरुवातीला जोराचे व्यायाम नाही दिले, फुगा फुगव, जोरात डोळे मीट, असलं काही नाही. नर्व्ह जागी होत असताना खूप जोर लावला तर तारा चुकीच्या जोडल्या जाण्याला आपणच मदत करतो असं माझं इतक्या वर्षांचं बघितलेलं मत आहे. नुसतं गालाला हलकं मालिश, हनुवटीकडून कानाकडे, आणि छोटा आरसा हातात घेऊन हळूच, अगदी थोडं, दोन्ही बाजू सारख्या ठेवून ओठ हलवायचे. आरसा तिला नको असायचा. मग मी शेजारी बसून माझा आणि तिचा चेहरा एकाच आरशात धरायचे, आधी मी करायची, मग ती.

एकोणिसाव्या दिवशी वहिनीने दुधीची भाजी वाढली आणि आईने नाक मुरडलं. डाव्या बाजूला, नाकपुडीच्या कडेला, एक बारीक सुरकुती पडली आणि गेली. वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने मला फोन केला आणि दोघी फोनवर रडलो. त्यानंतर गाल, मग डोळा, मग ओठ, कपाळ सगळ्यात शेवटी.

आता दीड वर्ष झालं. एक खूण राहिलीये, ती बाहेरच्या कुणाला दिसणार नाही. ओठ चंबूसारखे केले की डावा डोळा किंचित बारीक होतो. वाढताना एखादा तंतू ओठाकडे जायचा तो वाट चुकून डोळ्याकडे गेलाय, नर्व्ह दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, अंधारात चाचपडत वाढते, तेवढं चुकणारच. परवा गावी गेले होते तर पहाटे परसात बंब पेटवत होती, ओलसर चिपाड, धूर नुसता. फुंकणी लावली तोंडाला, दोन्ही गाल सारखे भरले, डावा डोळा जरा मिटला, आणि जाळ लागला. मला म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस, बाब्याला उठव, पाणी तापतंय म्हणावं."